पेटीची उत्तरपूजा

आमच्या इंदिरानगरच्या घरात एक शोकेस होती आणि त्या शोकेसमध्ये एक टी-सेट होता. सहा कप, सहा बशा, किटली आणि साखरेचं भांडं. वडील ओझरच्या कारखान्यात होते, तिथल्या मित्रांनी वर्गणी काढून तो आमच्या वास्तुशांतीला दिला होता. तो चांगल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला. मी शाळेतून कॉलेजात गेले, बी.ए. झाले, पण त्या लायकीचा पाहुणा काही आमच्याकडे आला नाही. आत्या आली तर ती घरचीच, शेजारी आले तर ते रोजचेच. दर दिवाळीला आई तो सेट खाली काढायची, पुसायची आणि होता तसा परत ठेवायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जो गाढवपणा केला त्याचं मूळ त्या शोकेसमध्ये आहे.

नव्वदीच्या दशकात, बी.ए. होऊन घरात बसले होते तेव्हा, मला एका महिला संस्थेच्या बालवाडीत नोकरी लागली. बालवाडी शहराबाहेर, मळ्यातल्या वस्तीवर. सिटी बसने फाट्यावर उतरायचं आणि तिथून पाटाच्या कडेकडेने वीस मिनिटं चालायचं. वस्तीवर सगळे भाजीपाला आणि फुलं करणारे. पोरं सकाळी यायची ती आयांबरोबर मेथीच्या जुड्या बांधून, त्यामुळे प्रार्थनेला हात जोडले की खोलीभर मेथीचा वास सुटायचा. खोली म्हणजे एका मळेवाल्याच्या शेडचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्या भागात खताच्या गोण्या. मधे पत्र्याची भिंत होती, पण ती वासाला अडवत नव्हती.

माझ्या हाताखाली एक मदतनीस होती. हाताखाली हे कागदावर. वयाने ती माझ्या आईपेक्षा मोठी, आणि बालवाडी खरी तिचीच होती. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही म्हणायला लागले. कंबर गेल्यापासून तिला निंदणी-खुरपणी जमत नव्हती. मुलं गोळा करणं, शेंबूड पुसणं, खाऊ शिजवणं आणि मला चार गोष्टी ऐकवणं ही कामं मात्र बसून किंवा उभ्याने करता येत होती. "वाकायचं काम नाय, म्हनून मी हाय बाई," ती म्हणायची. या नोकरीखेरीज तिला दुसरं काही नव्हतं.

माझ्या पहिल्याच पावसाळ्यात संस्थेकडून एक पत्र्याची पेटी आली. आत सरकारी अनुदानातून मिळालेला खेळण्यांचा संच. दोरीने ओढायचं चाकांचं बदक, लाकडी आगगाडी, रंगीत ठोकळे, दांडीत ओवायच्या चकत्या, एक छोटा ढोल आणि सोनेरी केसांची एक बाहुली. प्रत्येक वस्तू वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. पेटीबरोबर संस्थेच्या कार्यवाह बाईही आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडून डेडस्टॉक रजिस्टरमध्ये सगळं लिहून घेतलं. बाहुली, एक. बदक, एक. ठोकळे, चोवीस.

"दिवाळीनंतर तपासणी आहे," त्या म्हणाल्या. "संच पूर्ण दिसला पाहिजे, आणि नवा दिसला पाहिजे. या शाखेचं अनुदान आधीच धोक्यात आहे. शेरा वाईट पडला तर हे केंद्र बंद होईल आणि मुलं पाटापलीकडच्या केंद्रात जोडतील."

पाटापलीकडे जायला दोन फळ्यांचा साकव होता. त्यावरून तीन वर्षांचं पोर कुठलीही आई पाठवणार नव्हती. म्हणजे केंद्र बंद झालं की मुलं पुन्हा बांधावर, आणि मावशी घरी. हे मला कळलं आणि मी पेटीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. शोकेसवाल्या घरातली मुलगी दुसरं काय करणार होती?

पेटी आली त्या दिवसापासून एका मुलीने माझं डोकं खायला सुरुवात केली. पाच वर्षांची होती, दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले. पेटी उघडून यादी करताना तिने पिशवीतून डोकावणारे सोनेरी केस बघितले होते. रोज सकाळी आली की आधी पेटीपाशी जायची आणि मग माझ्याकडे.

"बाई, ती कवा निघंल?"

"साहेब आले की."

"सायब कवा येनार?"

"दिवाळीनंतर."

तिला दिवाळी कळत होती, त्यामुळे ती दिवाळीची वाट बघायला लागली. पण विचारायचं काही थांबवलं नाही. तिचं बघून बाकीचीही पेटीभोवती घोटाळायला लागली. कोणी कुलूप हलवून बघायचं, कोणी फटीतून काडी घालायचं. मी ओरडून ओरडून थकले.

मग दसरा आला. वस्तीवर खंडेनवमीला सगळी अवजारं पुजतात. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, काही राहत नाही. झेंडू तर घरचाच, पाट्यांनी पडलेला. मावशीने मला विचारलं, "बाई, आपल्या बालवाडीचं हत्यार कोन्तं?"

मी विचार केला आणि म्हटलं, "खडू आणि ही पेटी."

तिने पेटी पुसली, वर हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, उदबत्ती लावली. मुलांना एकेकाला पुढे बोलावून पाया पडायला लावलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पेटीला कुणाचा हात नाही. ती दोन वेण्यांची मुलगी लांबूनच बघत होती. मला म्हणाली, "बाई, त्यात देव हाय ना?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं. पण महिनाभर ओरडून जे झालं नव्हतं ते चिमूटभर कुंकवाने झालं होतं. मी म्हटलं, "हो. त्याला हात लावायचा नसतो." तिने लगेच हात जोडले आणि पुन्हा कधी काही विचारलं नाही. मला हायसं वाटलं, हे सांगायला आज लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

दिवाळीनंतर तपासणी झाली नाही. आधी साहेबांची बदली झाली, मग नवे साहेब रजेवर गेले, मग कुठलीतरी निवडणूक लागली. आम्ही तीनदा शेड सारवून घेतली आणि तिन्ही वेळा निरोप आला की तपासणी पुढे ढकलली. मावशी म्हणाली, "सायबाच्या नावानं का होईना, भुई चांगली झाली." जूनमध्ये ती दोन वेण्यांची मुलगी पाटापलीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला गेली. तिचा धाकटा भाऊ आमच्याकडे यायला लागला, त्याला सोडायला ती रोज यायची. शाळा अकराची, म्हणून दारात थोडा वेळ रेंगाळायची. दुसरा दसरा आला, पेटीची दुसऱ्यांदा पूजा झाली. आता नवीन मुलांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. जुनी मुलंच त्यांना पेटीपुढून जाताना थांबून नमस्कार करायला लावायची.

मार्गशीर्षात एकदाची तारीख पक्की झाली. मी आठ दिवस आधीपासून नाचत होते. पताका कातरल्या, भिंतीवर पक्ष्यांचे तक्ते लावले, नखं कापली, रुमाल पिना लावून छातीवर अडकवले. मुलांकडून "नमस्कार साहेब" एका सुरात म्हणून घ्यायला चार दिवस लागले. मळेवाल्याला विनवणी करून खताच्या गोण्या शेडबाहेर काढायला लावल्या. गोण्या गेल्या, वास राहिला. मावशीने त्यावर धूप घातला, मग खोलीत खत आणि धूप असा वास यायला लागला, तो आधीपेक्षा वाईट होता. आयांना मी फक्त एवढं सांगितलं होतं की मुलं स्वच्छ पाठवा. त्यांनी ती लग्नाला निघाल्यासारखी पाठवली. तेलाने थबथबलेली डोकी, गालावर तीट, एकाच्या अंगावर मामाच्या लग्नातला कोट आणि डोक्याला फेटा. तो फेटा सारखा डोळ्यांवर घसरत होता, त्यामुळे त्या बाळाने साहेबांना दिवसभरात बघितलं की नाही, शंकाच आहे.

साहेब जीपमधून उतरले. बारीक, पांढऱ्या केसांचे, आवाज इतका हळू की कान द्यावा लागे. बरोबर कार्यवाह बाई, रेशमी साडीत. सगळं झकास चाललं होतं. मुलांनी नमस्कार म्हटला, बडबडगीत म्हटलं, पक्षी ओळखले. हजेरीपट साहेबांनी बघितला आणि मान हलवली. मावशी दाराशी उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मग साहेब म्हणाले, "खेळण्यांचा संच दाखवा."

या क्षणासाठी मी दीड वर्ष थांबले होते. पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि एकेक वस्तू पिशवीतून काढून सतरंजीवर मांडली. दीड वर्षात एकीवरही ओरखडा नव्हता. कार्यवाह बाईंनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं.

"खेळा बाळांनो," साहेब म्हणाले.

कोणी हललं नाही. मीही म्हटलं, "खेळा ना." तेव्हा पुढच्या ओळीतला एक बारका उठला. तो सतरंजीपाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने बदकापुढे डोकं टेकलं. मग सगळेच उठले. काही क्षणांत अख्खी बालवाडी बदक, बाहुली आणि आगगाडीपुढे पालथी पडली होती. फेटेवाल्याला दिसत नव्हतं म्हणून तो ढोलाऐवजी साहेबांच्या बुटांच्या पाया पडला. एका मुलीने खाऊची मूठभर सुकडी आणून बाहुलीपुढे ठेवली आणि भोवती पाणी फिरवलं. मागून कोणीतरी आरतीच्या टाळ्या धरल्या.

साहेबांनी त्या मुलीला जवळ घेतलं. "बाळ, याच्याशी कधी खेळता तुम्ही?"

"खेळत नाय. पाया पडतो."

"कधी?"

"रोज. आन दसऱ्याला माळ घालतो."

कार्यवाह बाई पुढे झाल्या. "आमच्या संस्थेत संस्कारांवर विशेष भर असतो," त्या म्हणाल्या. मला तोंड लपवायला जागा हवी होती, आणि समोर फक्त रिकामी पेटी होती.

साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी रजिस्टर मागवून घेतलं, सगळ्या वस्तू यादीशी ताडून बघितल्या आणि म्हणाले, "खेळणी सुस्थितीत आहेत. नको तेवढी." मग पेन बंद केलं. "मी आज शेरा लिहीत नाही. महिनाभरात पुन्हा येईन, न सांगता. संच पूर्ण असला पाहिजे आणि मुलांच्या हातातला असला पाहिजे. तसं दिसलं नाही तर या केंद्राला अनुदान कशासाठी द्यायचं, ते मला कोणीतरी समजावून सांगा."

जीप गेल्यावर मावशी खाली बसली. ती बसताना कंबरेवर हात ठेवायची, त्या दिवशी ठेवायची विसरली. "बाई, चूक माजी. मीच कुकू लावलं."

"मावशी, कुलूप माझं होतं," मी म्हटलं. दोघीही खरं बोलत होतो, पण त्याने काही भागत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आमची नवी तयारी सुरू झाली. आजवर खेळणी नवी ठेवायची होती, आता महिनाभरात जुनी करायची होती. कार्यवाह बाईंचा निरोपही आला: खेळणी वापरा, पण मोडू देऊ नका. मी सतरंजीवर सगळं मांडलं आणि मुलांना सांगितलं, हा देव नाही, हे बदक आहे. मुलांनी नमस्कार केला. मी ठोकळ्यांचा मनोरा करून दाखवला. मुलांनी मनोऱ्याला नमस्कार केला. एक म्हणाला, "देवाला हात लावला की आजी मारती." तिसऱ्या दिवशी माझा संयम संपला. मी बदकाची दोरी धरली आणि स्वतःच ते खोलीभर ओढायला लागले. बदक क्वॅक-क्वॅक करत होतं. मागे बघते तर मुलं रांगेने चालत होती, एकाने ढोल वाजवायला घेतला होता आणि सगळी ओरडत होती, "मंगलमूर्ती मोरया."

मी दोरी टाकून दिली आणि पेटीवर बसले. मग देवावर बसले म्हणून दोन मुलं रडायला लागली.

मावशी चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "बाई, मिरवनूक काढली ती बरोबर. पन आदी उत्तरपूजा नको का करायला? बसवलेला देव असा उठत नाय."

मी बी.ए. झाले होते, ती अंगठा उठवायची. पण ते मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी ती घरून दही, अक्षता आणि नैवेद्याला गूळ घेऊन आली. मुलांना गोल बसवलं. पेटीवर अक्षता टाकल्या, आरती केली, बदकाच्या, बाहुलीच्या, आगगाडीच्या सगळ्यांच्या अंगावर दह्याचा थेंब ठेवला. मग आम्ही दोघींनी पेटी धरून वीतभर सरकवली, गणपती उठवताना पाट हलवतात तशी. मावशी मुलांना म्हणाली, "देव गेला गावाला. आता ही निसती खेळनी. हात लावा."

मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मग ज्याने पहिल्यांदा डोकं टेकलं होतं तोच बारका पुढे सरकला. त्याने एका बोटाने बदकाला ढकललं. बदक गडगडत गेलं आणि भिंतीवर आपटलं. काही झालं नाही, आजी आली नाही. मग जे सुरू झालं ते दुपारपर्यंत थांबलं नाही. दहा मिनिटांत आगगाडीचं एक चाक निखळलं. माझा हात ते हिसकावून घ्यायला आपोआप पुढे गेला. मावशीने तो मधेच धरला आणि म्हणाली, "बसा बाई." मी बसले आणि माझेच हात माझ्या मांडीखाली दाबून धरले. बरेच दिवस मला तसंच बसावं लागलं.

दारात ती दोन वेण्यांची मुलगी उभी होती. भावाला सोडून कधीची जायला हवी होती. आत ये म्हटलं तर येईना. "मी पयलीत हाय," ती म्हणाली, पण नजर बाहुलीवर होती. मी बाहुली उचलून तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांनी धरली, प्रसाद घेतात तशी. शाळेची वेळ झाली तरी हलेना, तेव्हा मी डेडस्टॉकचे सगळे नियम गुंडाळून ठेवले आणि म्हटलं, "संध्याकाळी येऊन घरी घेऊन जा. सकाळी भावाला सोडायला येशील तेव्हा परत आण." त्या दिवसापासून बाहुली रात्री तिच्याकडे आणि दिवसा बालवाडीत राहायला लागली. हे मी कार्यवाह बाईंना सांगितलं नाही.

महिना संपत आला आणि एके सकाळी, दहासुद्धा वाजले नव्हते, जीप येऊन उभी राहिली. साहेब एकटेच होते. पताका नव्हत्या, धूप नव्हता, गोण्या जागेवर होत्या. सात-आठ मुलं आली होती. एकाने ढोलात वाटाणे भरले होते आणि बदक दोन चाकांवर लंगडत चाललं होतं. साहेबांनी ते सगळं उभ्याने बघितलं. मग खाली सतरंजीवर बसून रजिस्टर उघडलं आणि हळू आवाजात वाचायला लागले. बदक. आहे. आगगाडी. आहे, तीन चाकं. ठोकळे. मुलांनी आणून आणून त्यांच्यापुढे ढीग केला, तेवीस निघाले, चोविसावा फेटेवाल्याच्या खिशात सापडला. चकत्या. ढोल.

"बाहुली, एक," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

मावशी दारातून वस्तीच्या वाटेकडे बघत होती. संच पूर्ण असला पाहिजे, हे त्यांचे शब्द होते, आणि सरकारी बाहुली मी माझ्या मर्जीने बाहेर दिली होती. मावशीची नोकरी आणि सगळ्या वस्तीची मुलं त्या एका ओळीवर अडकली होती. मी तोंड उघडणार एवढ्यात वाटेवर ती दिसली. एका हाताला भाऊ, दुसऱ्या काखेत बाहुली.

दारात येताच तिने साहेबांना बघितलं आणि बाहुली पाठीमागे लपवली.

"मागे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"काय नाय."

"दाव सायबाला," मावशी म्हणाली. "न्हेनार नाय ते."

तिने बाहुली पुढे केली. सोनेरी केसांना तेल चोपडून दोन वेण्या घातल्या होत्या. कपाळावर कुंकू, अंगात जुन्या पोलक्याच्या कापडाचा झगा. डावा हात खांद्यापासून गेला होता आणि तिथे चिंधी बांधली होती.

"हात कुठे गेला?"

"यानं तोडला," भावाकडे बोट करून ती म्हणाली. "आता दुखत नाय तिला."

"तू कितवीत आहेस?"

"पयलीत."

"मग बालवाडीची बाहुली तुझ्याकडे कशी?"

मी पुढे झाले, पण ती माझ्याआधी बोलली. तक्रारीचा सूर नव्हता, विचारलं म्हणून सांगितलं.

"मी हितं होते तवा ती देव होती."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला सगळ्या चुका कबूल करायच्या होत्या, पण त्यांनी काहीच विचारलं नाही. मला वाटतं, माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असावं. ते रजिस्टरवर वाकले आणि "बाहुली, एक" या ओळीपुढे सावकाश लिहिलं, "वापरात." खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं की केंद्र चालू ठेवावं, आणि सही केली.

ती त्यांचं पेन बंद होईपर्यंत बघत उभी होती. मग तिने बाहुली भावाच्या हातात दिली, आता दुसरा हात तोडलास तर बघ म्हणून दम भरला आणि साकवाच्या दिशेने शाळेला पळाली. मावशीने साहेबांसाठी चहा ठेवला. मी हजेरीपट उघडला, पण पहिलंच नाव डोळ्यांसमोर धूसर झालं आणि मी पुन्हा पुन्हा तेच घेत राहिले.

"घ्या बाई लवकर," मावशी म्हणाली. "पोरं खेळायची खोळंबलीत."